राखणदाराचं देणं

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून अकोल्याला आला होता. तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. नोकरीचं काम वेगळं. पण काही वर्षांपूर्वी रात्री जागून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. याला 'ओपन सोर्स' म्हणतात. आता तो प्रोग्रॅम त्याला माहीतही नसलेल्या ठिकाणी वापरला जातो आणि काही बिघडलं की लोक त्यालाच पत्रं पाठवतात. पत्रांतली भाषा दर वर्षी कडक होत चालली आहे. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली तेव्हा तो म्हणाला, "काका, मी कोणाकडून एक रुपया घेतला नाही. मग मी यांचं काय देणं लागतो?"

मी संगणकातला माणूस नाही. बी.कॉम. अर्धवट सोडून एका जिनिंग कारखान्यात हिशेब लिहायला लागलो आणि तिथेच आयुष्य गेलं. गेली पंधरा वर्षं वऱ्हाडातल्या कापसाच्या बियाण्याचा इतिहास जमवतो आहे. जुनी गॅझेटियर, कृषी खात्याचे अहवाल, कायद्यांची पुस्तकं, असं जे हाती लागेल ते वाचायचं आणि वहीत उतरवायचं. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुकाही माझ्याच. पुतण्याचा प्रश्न मात्र मला नवा नव्हता. तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत, एकदा मीही विचारला होता. ती हकिकत शेवटी सांगतो. आधी बियाण्याचं सांगतो, कारण 'ओपन सोर्स' ही गोष्ट आपल्याकडे कापसाच्या शेतात फार आधीपासून होती, आणि तिच्या राखणदारांचं काय झालं याच्या नोंदीही आहेत.

उमरावतीचं नाव

बी आणि प्रोग्रॅम यांत एक साम्य आहे. दुसऱ्याला दिलं तरी आपलं संपत नाही. मूठभर सरकी शेजाऱ्याला दिली की पुढच्या वर्षी त्याच्याकडे पोतं आणि माझ्याकडेही पोतं. पण फरकही आहे. बी शेतात जातं, जिनात जातं, बाजारात जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्यात दुसरं काही मिसळतं. म्हणून कुणीतरी मूळ वाण निवडून, निगुतीने वेगळं ठेवावं लागतं. त्याला मी राखणदार म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडात हे काम घरोघरी होत असे. हातानं फिरवायच्या चरखीवर घरातल्या बाया कापसातली सरकी काढत. कुठल्या वावरातला, कितव्या वेच्याचा कापूस आहे हे काढणारीला माहीत असे. चांगली सरकी बाजूला निघे आणि पेरणीआधी शेणमातीत घोळून ठेवली जाई. इंग्रजी अहवालांत दोन नावं पुन्हा पुन्हा येतात : बनी आणि जरी. बनी म्हणजे लांब, मऊ धाग्याचा कापूस. जरीचा धागा आखूड आणि जाड, पण रुईचा उतारा जास्त.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचं नाव होतं 'ऊमराज'. ते उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेलं. एका गावाचं नाव सातासमुद्रापार मालाची खूण झालं, ही अभिमानाचीच गोष्ट.

पण त्या नावाखाली गाठीत काय जातं याला कुणी जबाबदार राहिलं नाही. वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने आले आणि चरख्या थांबल्या. पाच गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला, सरकीही एकाच ढिगात. शेतकरी पेरणीच्या वेळी कारखान्यातून सरकी आणू लागला. ती कशाची, हे विकणाऱ्यालाही माहीत नसे. व्यापाऱ्याला जास्त उताऱ्याचा जरी परवडे, म्हणून बनी मागे पडत गेला. कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६०च्या दशकात निवडक बी जपण्याचे प्रयत्न केले, पण बाजाराचा ओढा त्यांच्या विरुद्ध होता. बनी कुणी मुद्दाम मारला नाही. तो राखणं हे कुणाचंच काम उरलं नाही, एवढंच झालं.

सरकारला जाग यायला पन्नासएक वर्षं गेली. १९२३ चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा हे भेसळ रोखण्यासाठीच झाले. दुसऱ्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण बंधनकारक झाली, म्हणजे गाठ फोडल्यावर वाईट माल निघाला तर तो कुठून आला हे कळावं. या कायद्याने चांगला कापूस तयार होणार नव्हता. त्याने फक्त गाठीला उत्तर देणारा एक धनी दिला.

अकोल्याचे राखणदार

बियाण्याची राखण दरम्यान सरकारी शेताकडे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकोल्याच्या शेतावरून पांढऱ्या फुलाचा 'रोझियम' वऱ्हाडात पसरला. पुढे 'व्हेरम' आला. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. १९७६ मध्ये महाबीज निघालं, त्याचंही मुख्यालय अकोल्यातच. बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेचं मुख्य कार्यालयसुद्धा इथेच. वाण काढणारे, बी वाढवणारे आणि ते तपासणारे असे तिघेही एका गावात.

या तिघांमधली साखळी सामान्य वाचकाला क्वचितच माहीत असते. पैदासकार एकेका झाडाचं बी वेगळं पेरतो, ओळी तपासतो आणि वाणाशी न जुळणारी अख्खी ओळ उपटून टाकतो. त्यातून निघतं ते पैदासकार बियाणं, पिवळ्या टॅगचं. त्यापासून पायाभूत, पांढऱ्या टॅगचं. त्यापासून प्रमाणित, निळ्या टॅगचं. शेतकऱ्याच्या हातात येते ती निळ्या टॅगची पिशवी. तिच्यामागे दर वर्षी उन्हात उभं राहून भेसळीची झाडं उपटणारी माणसं असतात. वाण एकदा शोधला की शोधणाऱ्याचं नाव होतं. तो दर वर्षी शुद्ध ठेवणाऱ्याचं नाव कुठेच छापलं जात नाही. पुतण्या म्हणाला, त्याच्याकडेही अगदी असंच आहे. नवीन प्रोग्रॅम लिहिला की टाळ्या. दहा वर्षं तो चालता ठेवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही साखळी तुटली की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. तो सगळा संकरित आणि खासगी कंपन्यांचा; सरकी राखून पेरता येत नाही, दर वर्षी पाकीट घ्यावं लागतं. यावर उपाय म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण आणला. शेतकऱ्याने घरचं बी राखून पेरावं असा सार्वजनिक बीटी. २००९ मध्ये तो शेतात आला आणि लगेच थांबवावाही लागला. डॉ. सोपोरी समितीच्या अहवालात त्यात मोन्सॅन्टो कंपनीच्या जनुकाचा अंश असल्याचं नमूद झालं. शेतकऱ्यांना खुलं बी देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तो कल्पनेत नाही, राखणीत फसला. अकोल्याच्या 'पीकेव्ही हायब्रीड-२' या जुन्या नावाजलेल्या संकराचा बीटी अवतार महाबीजकडून यायला २०१८ उजाडलं. तोवर वऱ्हाडातला शेतकरी सोळा हंगाम दुसऱ्यांच्या पाकिटांवर गेला होता.

पुढच्याच वर्षी, १० जून २०१९ रोजी, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची मागणी. तिच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. अशा चोरवाटेने येणाऱ्या पाकिटावर विश्वासाने वाचावा असा टॅग नसतो. बी उगवलं नाही, भेसळ निघाली, तर दाद मागायला दार नाही. बी आहे, पण राखणदार नाही, अशी ती अवस्था.

दादाजींचा धान

आता कापूस सोडून थोडं पूर्वेला, धानाच्या मुलखात जाऊ. कारण पुतण्याच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस तिथे होऊन गेला आणि त्याची गोष्ट अकोल्यापर्यंत येते.

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांसाठी खुली अशी संगणक प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. आजच्या ओपन सोर्सचा उगम तिथे शोधतात. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांना 'पटेल-३' धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. दादाजी तिसरीपर्यंत शिकलेले, शेती दीड एकर. त्यांनी त्या लोंब्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, काही वर्षं निवड केली. बारीक दाण्याचा तो धान गावोगाव गेला. बाजारात त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं : एचएमटी. दादाजींनी बी दिलं ते अटी न घालता दिलं. धान विदर्भ ओलांडून शेजारच्या राज्यांत गेला.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. दादाजींचं म्हणणं, वाण माझा, श्रेय दुसऱ्याला गेलं. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही त्यातून निवड करून शुद्ध वाण तयार केला. वाद बराच गाजला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, 'फोर्ब्स'ने २०१० मध्ये त्यांचं नाव छापलं. पण हलाखी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

या वादाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. शुद्धीकरण हे खरं काम आहे. आधी सांगितलेल्या ओळी तपासण्याचं, उपटण्याचं ते काम, आणि विद्यापीठाने ते केलं असेल तर त्याला कमी लेखू नये. पण राखणदाराचं पहिलं देणं मागच्या राखणदाराचं असतं. बी कुठून आलं ते सांगणं. ते ठसठशीतपणे, प्रत्येक पिशवीवर सांगितलं असतं तर बहुतेक वाद उरलाच नसता.

आणि दुसरं : ज्यांनी एचएमटी पेरला, विकला, खाल्ला, त्या आपल्या सगळ्यांचं काही देणं होतं की नाही? राखणदाराचं देणं काय, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. राखणदाराला देणं काय, हा प्रश्न त्याच्या मृत्यूच्या बातमीखाली आठवतो. पुतण्याने सांगितलेली गोष्ट मला इथे जुळली. जगभरच्या संगणकांत वापरला जाणारा 'एक्सझेड' नावाचा खुला प्रोग्रॅम एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, तसं त्याने लिहिलंही होतं; उलट घाई कर म्हणून त्याच्यावर दबाव आला. मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाकडे त्याने हळूहळू किल्ल्या दिल्या. त्या नावाने आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याला आपला संगणक किंचित हळू चालतोय असं वाटलं म्हणून ते उघडकीस आलं. एवढं जग ज्यावर उभं, त्या माणसाला एक भरवशाचा जोडीदार मिळाला नव्हता.

२००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने या देण्याघेण्याची थोडी मांडणी केली आहे. शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आणि वाण देणाऱ्याने अमुक उत्पन्न येईल असं सांगितलं व ते आलं नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. खुल्या प्रोग्रॅमच्या परवान्यात याच्या उलट असतं. 'जसं आहे तसं घ्या, हमी नाही.' पुतण्याने मला ती ओळ फोनवर दाखवली. "हे वाचूनच लोक घेतात, काका. मग प्रश्नच कुठे येतो?"

तेव्हा मी त्याला दर्यापूर तालुक्यातली गोष्ट सांगितली.

वावरातला प्रश्न

माझे वडील गावरान कापसाचं बी राखत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, कोरडवाहू जमिनीत तो तगून येई. ते दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याचा कापूस वेगळा ठेवत आणि घरच्या चरखीवर सरकी काढत; जिनं आली तरी त्यांनी चरखी मोडली नाही. सात-आठ गावांतले लोक अक्षय तृतीयेनंतर यायचे. पैसे नाहीत. जितकं नेलं तितकं हंगामानंतर परत, एवढाच नेम.

१९९८ मध्ये वडील गेले. लोक येत राहिले आणि मी देत राहिलो. कारखान्याच्या कामातून चरखीला वेळ होईना. २००१ च्या हंगामासाठी मी तो कापूस आमच्याच जिनावर, दोन मोठ्या ढिगांच्या मधल्या वेळात काढून घेतला. बियाण्यासाठी कापूस काढायचा तर आधी जिन पूर्ण साफ करावं लागतं. हे मला माहीत होतं. तिथे कामच करत होतो. त्या दिवशी घाई होती आणि फुकट तर द्यायचं आहे, असंही मनात आलं असावं.

भाद्रपदात एका बाईने बोलावून घेतलं. नवरा नव्हता, चार एकर कोरडवाहू. मी वावरात उभा राहिलो आणि लांबूनच दिसलं. गावरान कापसाचं पान अरुंद, खोल कातरलेलं. तिच्या ओळीत दर दोन-तीन झाडांनी रुंद पानाचं झाड होतं. संकरित कापसाच्या सरकीतून उगवलेली ती झाडं, एक उंच, एक बुटकं, त्या खारट मातीत पिवळी पडलेली. दुबार पेरणीची वेळ केव्हाच गेली होती.

मी म्हणालो, "मी काही पैसे घेतले नव्हते."

ती चिडली नाही. म्हणाली, "पैशाचं नाही म्हनत मी, भाऊ. बी तुमच्या बाबाचं नाही, हे सांगतलं असतं त आमी दुसरीकडून आनलं असतं."

त्यानंतर मी बी देणं बंद केलं. तेही कुणाला सांगितलं नाही. आलेल्याला 'यंदा नाही' म्हणत राहिलो. खरी झाडं निवडून वाण पुन्हा शुद्ध करता आला असता. तिच्याच वावरात ती होती. किंवा मूठभर सरकी विद्यापीठात नेऊन देता आली असती. मी काहीच केलं नाही. एक-दोन वर्षांत बीटीची पाकिटं आली आणि लोकांनी विचारणं सोडलं. आमच्या घरचं ते बी आता कुठेही नाही. त्याचं नाव कुठल्या अहवालात नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही नाही. हा बियाण्याचा इतिहास मी का जमवायला लागलो, असं लोक विचारतात. खरं कारण हे आहे.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी आयुष्यभर त्यांची पत्रं वाचत बसायचं?"

नाही. ते देणं त्या बाईनेही मागितलं नव्हतं. तिने माझ्याकडून दर वर्षी बी मागितलं नाही, भरपाई मागितली नाही. तिचा आक्षेप एकच होता. मी वडिलांच्या नावाने दिलं आणि आत काय आहे ते सांगितलं नाही. राखणदाराला थकण्याचा हक्क आहे, सोडण्याचाही आहे. पण जोवर तो राखणदार म्हणून उभा आहे तोवर जिन साफ करणं त्याच्याकडे लागतं. करता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगणं लागतं. आणि सोडताना मूळ बी ओळखीच्या, पारखलेल्या हातात देणं लागतं. फुकट दिल्याने यातलं काही माफ होत नाही. घेणाऱ्याकडेही वडिलांचा नेम लागतो, जितकं नेलं तितकं परत. पैशात नाही तर कामात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने लॅपटॉप उघडला आणि आपल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या. मला मराठीत वाचून दाखवल्या : हे मी एकटा सांभाळतो, आठवड्यातून एकदाच वेळ मिळतो, अमुक दोन चुका माहीत आहेत पण दुरुस्त झालेल्या नाहीत, सोबतीला कुणी हवं आहे.

"आणि कुणी आलंच नाही तर?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "तर तेही लिही."